परकीय पैसा गावात कुठल्या दारानं शिरतो?

२०२५ च्या मे महिन्यात एका सकाळी मामांचा फोन आला. मामा चाकणजवळ राहतात, खेड तालुक्यात. पेपर शेवटच्या पानापासून वाचायची त्यांची सवय, त्यामुळे अर्थकारणाचं पान चहाच्या दुसऱ्या कपाला येतं. "एका बातमीत म्हणतायत परकीय गुंतवणुकीत महाराष्ट्र पहिला. दुसरीत म्हणतायत देशातली परकीय गुंतवणूक ९६ टक्क्यांनी घटली. खोटं कोण बोलतंय रे?"

कुणीच नाही, असं मी म्हणालो खरा, पण समजावून सांगताना माझीच दमछाक झाली. हा लेख म्हणजे त्या फोनचं लांबलेलं उत्तर. फोन ठेवता ठेवता मामांनी जे विचारलं ते जास्त अवघड होतं: "एवढा पैसा आला म्हणतोस, तर आमच्या आळीत दोन दारांपुढं फॉर्च्युनर आणि बाकीच्या घरांत हप्ते, असं का?"

एफडीआय म्हणजे नेमकं काय?

बाहेरची गुंतवणूक देशात मुख्यतः दोन तऱ्हांनी येते. गावच्या यात्रेत पाळणेवाला येतो. आठ दिवस धंदा करतो, गर्दी ओसरली की गाशा गुंडाळून पुढच्या गावी जातो. शेअर बाजारात येणारा परदेशी पैसा बराचसा या जातीचा. दुसरा माणूस तुमच्या रानात विहीर खोदायला पैसे घालतो, मोटर बसवतो आणि दर हंगामाला पिकात वाटा मागतो. त्याला रात्रीतून निघून जाता येत नाही. ही झाली थेट परकीय गुंतवणूक, म्हणजे एफडीआय.

दोन्हींतली रेघ नियमांत आखलेली आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या भारतीय कंपनीत परदेशी गुंतवणूकदाराचा हिस्सा १० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर तो एफडीआय. कमी असेल तर पाळणेवाला.

एक मेख लक्षात ठेवायची. एफडीआय म्हटलं की डोळ्यांपुढे नवा कारखाना येतो, पण चालू कंपनीतला हिस्सा परदेशी मालकानं विकत घेतला तरी तोही एफडीआयच. कागदावर डॉलर जमा होतात, जमिनीवर एक वीटही लागलेली नसते. त्यामुळे "इतके अब्ज डॉलर आले" हे वाक्य ऐकून किती हातांना काम मिळालं हे कळत नाही.

एकाच वर्षी वाढ आणि घसरण कशी?

गच्चीवरच्या टाकीचा विचार करा. वरून पाणी पडतंय, खालची तोटी उघडी आहे. २०२४-२५ मध्ये वरून ८१ अब्ज डॉलर पडले, आधीच्या वर्षापेक्षा जास्त. त्याच वर्षी पूर्वी आलेल्या परदेशी गुंतवणूकदारांनी आपले हिस्से विकून वगैरे सुमारे ५१.५ अब्ज डॉलर परत नेले. शिवाय भारतीय कंपन्यांनी परदेशांत सुमारे २९.२ अब्ज डॉलर गुंतवले. वजाबाकी केली तर टाकीत उरले अर्ध्या अब्जाहूनही कमी. आदल्या वर्षी हीच शिल्लक १० अब्जांच्या आसपास होती. मामांनी वाचलेली ९६ टक्क्यांची घसरण ही या शिलकीतली, आणि पहिला नंबर हा वरून पडणाऱ्या पाण्यातला.

पैसा परत जातो म्हणजे कसा? २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ह्युंदाईच्या भारतीय कंपनीचे शेअर पहिल्यांदा लोकांना विकायला काढले. २७,८७० कोटी रुपयांची ती विक्री, तोवरची भारतातली सर्वांत मोठी. त्यातला एकही रुपया नव्या कारखान्यासाठी नव्हता. कोरियातल्या मूळ कंपनीनं आपल्याकडचे जुने शेअर विकले आणि पैसे घेतले. पुढच्या ऑक्टोबरमध्ये एलजीनं तेच केलं, ११,६०७ कोटींचं. एलजीचा एक कारखाना आपल्या रांजणगावला आहे. तिथल्या एकाही मशिनचा नट हलला नाही, फक्त कागदावर मालकीचा काही भाग कोरियातून शेअर बाजारातल्या गुंतवणूकदारांकडे आला.

यात गैर काही नाही. निघून जायचा रस्ता नसेल तर कुणी येणारच नाही. रिझर्व्ह बँकेनंही हे बाजार परिपक्व झाल्याचं लक्षण मानलं. तरी माझं मत सांगतो: फक्त वरच्या नळाचा आकडा सांगणं म्हणजे किराणा दुकानदारानं गल्ल्यातली रक्कम नफा म्हणून सांगण्यासारखं आहे.

आता महाराष्ट्राचा नंबर. २०२४-२५ मधल्या त्या ८१ अब्ज डॉलरपैकी भागभांडवल म्हणून सुमारे ५० अब्ज आले, त्यातले ३९ टक्के महाराष्ट्राच्या नावावर. नावावर हा शब्द महत्त्वाचा. कंपनीचं मुख्य कार्यालय मुंबईत असेल तर पैसा महाराष्ट्राच्या खात्यात दिसतो, गोदाम किंवा कारखाना दुसऱ्या राज्यात का असेना. आणि देशभरात सर्वाधिक एफडीआय येतो तो वित्त, सल्ला अशा सेवांमध्ये आणि संगणक क्षेत्रात. म्हणजे यातला पुष्कळसा पैसा वांद्रे-कुर्ला संकुलात आणि हिंजवडीत उतरतो. मोटारींच्या कारखान्यांचा वाटा त्यामानाने लहान.

मग बाहेरचा पैसा हवाच कशाला?

१९९१ आठवणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. परकीय चलन दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं होतं, सोनं विमानानं परदेशी नेऊन तारण ठेवावं लागलं. त्या जुलैत धोरण बदललं आणि ज्या देशातून १९७०च्या दशकात कोका-कोला आणि आयबीएम मालकीच्या अटींवरून निघून गेल्या होत्या, तिथं परदेशी भांडवलाला बरीच दारं उघडली.

पण गंमत अशी की आजही रकमेचा विचार केला तर एफडीआय फार मोठा नाही. भारताचं वर्षाचं उत्पन्न सुमारे ३,९०० अब्ज डॉलर धरलं तर ८१ अब्ज म्हणजे शंभरातले दोन. उरलेली गुंतवणूक आपलीच असते: सरकारची, देशी कंपन्यांची, घर बांधणाऱ्या कुटुंबांची.

पैशाबरोबर जे येतं ते मोलाचं असतं. भोसरीत माझ्या एका मित्राचं छोटं वर्कशॉप आहे, पत्र्याचे ब्रॅकेट बनवतो. परदेशी कंपनीला माल देणाऱ्या एका मोठ्या व्हेंडरचं काम त्याला मिळालं, तेव्हा पहिल्या तीन महिन्यांत त्याचे दोन लॉट पूर्ण परत आले. भोक अर्ध्या मिलिमीटरनं सरकलं होतं. "आधी आम्ही हातोडी मारून बसवायचो," तो सांगतो. आता त्याच्याकडे प्रत्येक बॅचची वही आहे, मोजमापाची खोली आहे, आणि तेच ब्रॅकेट तो एका देशी ट्रॅक्टर कंपनीलाही देतो. अर्थशास्त्रज्ञ याला ज्ञानाचा झिरपा म्हणतात. झिरपतं हे खरं, पण ज्याच्या भांड्याला आधीपासून तळ आहे त्याच्याकडेच साठतं. मित्राकडे लेथ होतं, शेड होती, बँकेत पत होती. शेजारच्या गाळ्यात नुसतं वेल्डिंग करणाऱ्याला हे काम मिळणार नव्हतं आणि मिळालं नाही.

कारखाना येतो तेव्हा गावात काय होतं

चाकण म्हटलं की एके काळी दोन गोष्टी आठवायच्या: संग्रामदुर्ग आणि कांद्याचा बाजार. फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाला दोन महिने ज्या भुईकोटापुढं रोखून धरलं, त्याच्या आसपास आज मालवाहू ट्रक तासन्‌तास अडकून पडतात. (खानाला तळेगाव चौकात आणून सोडलं असतं तर आणखी दोन महिने गेले असते, असं मामा म्हणतात.) २००९ च्या मार्चमध्ये फोक्सवॅगनचा कारखाना इथं सुरू झाला, ५८ कोटी युरो घालून. मर्सिडीजही त्याच सुमारास इथं आली. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यामागून सुटे भाग बनवणारे कितीतरी आले. बजाज आणि महिंद्रासारखे देशी बडेही इथं आहेत.

हा पैसा गावात शिरतो तो तीन दारांनी.

पहिलं दार जमिनीचं. एमआयडीसीत जमीन गेली त्यांना मोबदला मिळाला, पण खरी कमाई झाली ती संपादनाच्या रेषेबाहेर, रस्त्याला लागून ज्यांचं रान होतं त्यांची. एकराचा भाव गुंठ्यावर आला. पुण्याच्या भोवताली 'गुंठामंत्री' हा शब्द जन्माला आला तो यातूनच. सातबाऱ्यावर ज्याचं नाव होतं तो एका सहीत वर गेला. त्याच्याच रानात तीन पिढ्या मजुरी केलेल्या माणसाचं नाव सातबाऱ्यावर नव्हतंच, त्याच्या हातात काही पडायचा प्रश्न आला नाही. भावाभावांतही हेच. मामांच्या शेजारच्या घरात थोरल्याच्या वाटणीला रस्त्याकडचं रान आलं होतं, धाकट्याच्या वाटणीला ओढ्याकडचं. वाटणी १९८० च्या सुमाराची, तेव्हा ओढ्याकडची जमीन चांगली मानायचे, पाणी होतं म्हणून. थोरल्याच्या घरची सून आज शाळेत मुलाला गाडीनं सोडते आणि धाकटा अजून कांदा लावतो.

दुसरं दार नोकरीचं. इथं आत गेल्यावर पुन्हा दोन दारं आहेत. एक परमनंटचं, दुसरं कंत्राटदाराचं. मामांची मुलगी डिप्लोमा करून एका कंपनीत गुणवत्ता तपासणीला लागली, तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राची पट्टी निळी. मामांचा पुतण्या त्याच लाइनवर, त्याच पाळीत, पण लेबर कॉन्ट्रॅक्टरमार्फत. त्याची पट्टी हिरवी. कॅन्टीन एकच, डाळ एकच, पण तिच्या घरात विमा आहे, बँकेचं कर्ज आहे, दिवाळीला बोनस आहे. पुतण्याला मधून मधून 'ब्रेक' मिळतो. जुन्या कायद्यात वर्षभरात २४० दिवस काम झालं की कामगाराला काही हक्क लागू व्हायचे, म्हणून त्याआधीच काही दिवस घरी बसवायचं ही कंत्राटदारांची जुनी युक्ती. हे एकट्या चाकणचं किंवा एकट्या परदेशी कंपन्यांचं नाही. देशातल्या नोंदणीकृत कारखान्यांत आता दर दहा कामगारांमागे सुमारे चार कंत्राटी आहेत, देशी मालकांकडेही.

तिसऱ्या दाराबद्दल कुणी भाषणात बोलत नाही. भंगाराचं कंत्राट, कॅन्टीनचं कंत्राट, कामगारांच्या बस, पाण्याचे टँकर, माथाडीचं काम. कारखान्याच्या गेटबाहेरची ही अर्थव्यवस्था आतल्या इतकीच जोरात चालते आणि तिची किल्ली ओळखीत असते. ज्याच्या घरात सरपंचपद किंवा पंचायत समिती आहे त्याला भंगार मिळतं. फॉर्च्युनर बऱ्याच वेळा या दारातून आलेली असते.

आणि मामा? त्यांचं रान ना रस्त्याला लागून ना संपादनात. त्यांनी सोसायटीचं कर्ज काढून घरावर मजला चढवला आणि दहा बाय दहाच्या सहा खोल्या भाड्यानं दिल्या. बीड, लातूर, बिहार, ओडिशाची मुलं राहतात. म्हणजे परकीय भांडवलाचा एक छोटासा प्रवाह दर महिन्याच्या सात तारखेला मामांच्या खिशातही येतो.

तर मग एफडीआयमुळे विषमता वाढते का?

आधी जुनं उत्तर. सायमन कुझनेट्स नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १९५५ मध्ये मांडलं की शेतीकडून कारखान्याकडे जाणाऱ्या देशात सुरुवातीला विषमता वाढते, पुढे कमी होते. उलट्या वाडग्यासारखी रेषा. कारण साधं आहे. सगळे शेतात असतात तेव्हा सगळे गरीब. मग थोडे कारखान्यात जातात, त्यांचं उत्पन्न वाढतं, फरक पडतो. शेवटी बहुतेक जण कारखान्यात पोचतात आणि फरक मिटत जातो. या सिद्धान्ताच्या जोरावर "थोडं थांबा, खालपर्यंत पोचेल" असं कित्येक देशांतल्या राज्यकर्त्यांनी सांगितलं. खुद्द कुझनेट्सनं मात्र त्याच लेखात कबूल केलं होतं की यात माहिती पाच टक्के आणि अंदाज पंचाण्णव टक्के आहे. हे वाक्य पुढे कुणी फारसं सांगितलं नाही.

भारतात मधला टप्पाच लांबला. अजूनही काम करणाऱ्यांपैकी सुमारे ४६ टक्के लोक शेतीत आहेत आणि देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा आहे १८ टक्क्यांच्या आसपास. जवळजवळ निम्म्या पंगतीला पाचव्या हिश्श्याहून कमी स्वयंपाक. नियमित पगाराची नोकरी पाचांतल्या एकाच्याच वाट्याला येते. आपल्याकडे परकीय पैसा सर्वांत जास्त गेला तो जिथं पदवी लागते अशा क्षेत्रांत. हिंजवडीतल्या इंजिनिअरचा पगार वाढला, त्याच्यामागे घरभाडी वाढली, पण नंदुरबारच्या किंवा वाशिमच्या शेतमजुराला त्या इमारतीत शिरायला वाटच नव्हती. महाराष्ट्रातच मुंबईचं दरडोई उत्पन्न नंदुरबार, गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांच्या तिपटीच्या आसपास आहे.

उलट उदाहरण व्हिएतनामचं. १९८६ पासून त्या देशानं दारं उघडली. २००८-०९ च्या सुमारास सॅमसंगनं बाक निन्ह प्रांतात मोबाइलचा कारखाना उभारला, पुढे आणखी. आज व्हिएतनामच्या निर्यातीतला ७० टक्क्यांच्या आसपास वाटा परदेशी मालकीच्या कंपन्यांचा आहे. एवढं परकीय भांडवल, तरी तिथला विषमतेचा आकडा (शून्य म्हणजे सगळे सारखे, शंभर म्हणजे सगळं एकाकडे) ३६ च्या आगेमागे घुटमळत राहिला. कारण तिथं आलेल्या कारखान्यांना इंजिनिअर थोडे आणि शाळा पूर्ण केलेल्या तरुण मुली खूप लागत होत्या, आणि शाळा तिथं त्याआधीपासूनच गावोगाव चालत होत्या. म्हणून त्या देशात सगळं गोड आहे असं नाही. डोंगराळ भागातल्या आदिवासी जमाती तिथंही मागेच राहिल्या, आणि सुटे भाग बाहेरून आणून नुसती जोडणी होते अशी तिथल्या अर्थतज्ज्ञांची तक्रार आहे.

म्हणून मामांना मी दिलेलं उत्तर असं: पैसा परदेशातला आहे म्हणून दरी पडत नाही. तो यायच्या आधी कुणाच्या हातात काय होतं, सातबारा, डिप्लोमा की सरपंचाशी सोयरीक, यावरून तो वाटला जातो. पैसा जितका वेगानं येतो तितक्या वेगानं ती आधीची दरी रुंदावते.

पण भारत तर जगात चौथा समान देश आहे ना?

२०२५ च्या जुलैत ही बातमी सगळ्यांच्या मोबाइलवर फिरली. हिचा उलगडा करण्यासाठी एकच पारिभाषिक शब्द लागेल: गिनी. पंगतीत सगळ्यांना सारख्या भाकरी मिळाल्या तर गिनी शून्य. सगळ्या भाकरी एकानंच घेतल्या तर शंभर. जागतिक बँकेच्या कागदानुसार भारताचा गिनी २०११-१२ मध्ये २८.८ होता, तो २०२२-२३ मध्ये २५.५ वर आला. सरकारनं त्यावरून चौथा क्रमांक जाहीर केला.

आकडा बरोबर आहे. फक्त तो खर्चाचा आहे, उत्पन्नाचा नाही. मामांचं पोट आणि भंगाराचं कंत्राट घेणाऱ्या भंगारवाल्याचं पोट यांत फारसा फरक नाही. भंगारवाला दसपट भाकरी खाऊ शकत नाही. फरक आहे तो उरलेल्या पैशात, जमिनीत, शेअरमध्ये, आणि तो खर्चाच्या पाहणीत दिसत नाही. शिवाय पाहणीचा माणूस मामांच्या ओट्यावर बसून तासभर प्रश्न विचारू शकतो, उंच इमारतीच्या विसाव्या मजल्यावर त्याला वॉचमनच सोडत नाही. बऱ्याच देशांचा गिनी उत्पन्नावरून काढलेला असतो, तेव्हा आपला खर्चाचा गिनी त्यांच्या शेजारी ठेवणं म्हणजे वजन आणि उंची यांची स्पर्धा लावणं. जागतिक बँकेच्या त्याच कागदात पुढे लिहिलेलं होतं की विषमता यात कमी मोजली गेली असू शकते, आणि उत्पन्नाचा गिनी दुसऱ्या एका संकलनानुसार २००४ मधल्या ५२ वरून २०२३ मध्ये ६२ वर गेला आहे.

वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅब या संशोधन संस्थेच्या २०२४ च्या अभ्यासात, २०२२-२३ मध्ये वरच्या एक टक्का लोकांकडे देशाच्या उत्पन्नातला २२.६ टक्के वाटा आणि संपत्तीतला ४०.१ टक्के वाटा असल्याचं मांडलं आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला उत्पन्नातला हाच वाटा ६ टक्क्यांच्या आसपास होता. हे आकडे आयकराच्या नोंदी आणि बरीच गृहीतकं जोडून काढलेत, त्यामुळे दशांशापर्यंत ते खरे मानायची गरज नाही. पण दिशा चुकलेली असेल असं मला वाटत नाही.

आणि त्याच वेळी अतिगरिबांचं प्रमाण, जागतिक बँकेच्या त्याच कागदानुसार, अकरा वर्षांत १६.२ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आलं. चाकणच्या आसपास हे डोळ्यांना दिसतं. तीस वर्षांपूर्वी मामांच्या आळीत कुडाची घरं होती, आता एकही नाही. तळ वर आला आणि छत त्याहून उंच गेलं. टीव्हीवरच्या चर्चेत एक पक्ष तळ दाखवतो आणि दुसरा छत.

नफा तर ते घेऊनच जातात!

जातात, अर्थात. पैसे घातले ते नफ्यासाठीच. पण नफ्यावरचा कर इथं भरतात, पगार इथं देतात, व्हेंडरला पैसे इथं मिळतात. मला या आक्षेपापेक्षा करार कसा केला हा प्रश्न मोठा वाटतो, आणि त्यासाठी दाभोळचं उदाहरण पुरतं. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या एन्रॉनशी बोलणी सुरू झाली, गुहागर तालुक्यात वीज प्रकल्प ठरला. वीज मंडळानं वीज घ्यायचीच, दर डॉलरशी बांधलेला, वीज नको असली तरी ठरलेली रक्कम द्यायची. १९९५ मध्ये सरकार बदललं, प्रकल्प रद्द झाला, पुन्हा वाटाघाटी होऊन आणखी मोठा झाला. १९९९ मध्ये वीज सुरू झाली. रुपया घसरला, इंधन महागलं आणि वीज मंडळाचं कंबरडं मोडायला आलं. २००१ मध्ये मंडळानं वीज घेणं थांबवलं, त्याच डिसेंबरात एन्रॉन अमेरिकेत दिवाळखोरीत गेली. विहिरीत पाणी लागो न लागो, वाटा द्यायचाच, असा तो करार होता.

कराचीही एक बाब बहुतेकांच्या लक्षात येत नाही. २०१७ पासून जीएसटी लागू झाला. त्यात वस्तू जिथं विकली जाते त्या राज्याला राज्याचा वाटा मिळतो. चाकणला बनलेली मोटार कोचीत विकली तर तो वाटा केरळला. कंपनीच्या नफ्यावरचा कर जातो केंद्राकडे. उलट कारखाना यावा म्हणून राज्य सरकार जमीन देतं, वीजशुल्कात सूट देतं, मोठ्या प्रकल्पांना राज्याच्या जीएसटीतला हिस्सा परत करतं. रस्ते खचतात ते इथले. तेव्हा कारखाना आला म्हणजे राज्याची तिजोरी भरली असं गणित सरळ नाही. ती भरते मागच्या दारानं, कामगार इथं खर्च करतो आणि मामांच्या वरच्या मजल्याला सिमेंट लागतं, तेव्हा.

दावोसच्या कोटींचं काय?

थोडक्यात सांगतो. २०२५ च्या जानेवारीत महाराष्ट्रानं दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेत १५.७० लाख कोटी रुपयांचे सामंजस्य करार केले. सामंजस्य करार म्हणजे सुपारी फुटणं. लग्न व्हायचं असतं, आणि होईलच असं नाही. त्यातल्या कित्येक कंपन्या भारतीयच असतात. २०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा चिपचा प्रकल्प तळेगावला न येता गुजरातला गेला म्हणून आपल्याकडे केवढा गदारोळ झाला. वर्ष पुरं व्हायच्या आत फॉक्सकॉन त्या भागीदारीतूनच बाहेर पडली.

आणि लग्न झालं तरी? तळेगावलाच जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला होता. २०१७ मध्ये कंपनीनं भारतात गाड्या विकणं थांबवलं, २०२० च्या डिसेंबरात उत्पादनही. एका चिनी कंपनीला कारखाना विकायचा करार झाला, पण मंजुरीअभावी तो बारगळला. २०२३ मध्ये ह्युंदाईनं तो घ्यायचा करार केला. विहीर उचलून नेता येत नाही असं मी वर लिहिलं ते खरंच आहे, विहीर तिथंच राहिली. मोटर बंद पडली आणि कामगारांची लढाई कोर्टात गेली.

हे सगळं मी मामांना फोनवर तुकड्यातुकड्यांत सांगितलं, दोन रविवार लागले. त्यांनी मध्येच एकदा विचारलं, की मग आपल्या पोरांसाठी यातून काय घ्यायचं. मी म्हणालो, तालुक्यातल्या आयटीआयमध्ये लाइनवर चालणारी मशिनं आहेत का ते बघा, आणि ग्रामसभेत कंपनीच्या माणसाला किती कोटी घातले ते विचारू नका, परमनंट किती आणि कंत्राटी किती ते विचारा. मामा हसले. ग्रामसभेत भंगारवालाच अध्यक्षांच्या शेजारी बसतो म्हणाले.

परवा त्यांचा पुन्हा फोन होता. पुतण्याला पुन्हा ब्रेक मिळालाय, तोवर तो कांद्याच्या गाड्या भरायला जातो. मुलीची पगारवाढ झाली. आणि एक खोली रिकामी झालीय, लातूरचा मुलगा गेला. "कंपनीतलं कुणी असेल तर पाठव," मामा म्हणाले. जरा थांबून पुढं म्हणाले, "परमनंट असला तर बरं."